पाठीवरची जाडी

४ मे, सकाळी ६.१५
नवी वही. संशोधक मंडळी वही ठेवतात, म्हणून मीही ठेवणार. रोज नोंद, रोज प्रगती. कोणालाही दाखवायची नाही, हिलासुद्धा नाही. हिला तर नाहीच नाही.

प्रकल्प: आग विझवणाऱ्या जवानांसाठी पातळ श्वसनसेट. सध्याचा सेट म्हणजे पाठीवर एक गलेलठ्ठ सिलिंडर. जाडी बावीस सेंटिमीटर. माणूस फटीतून जातो, सेट जात नाही. माझ्या सेटमध्ये पाच बारीक बाटल्या शेजारी शेजारी, पंक्तीला बसल्यासारख्या. जाडी नऊ. नाव ठरलं: सपाट-१. नाव ठरलं की निम्मं काम झालं.

कारण एकदाच लिहून ठेवतो. बावीस मार्चला गाद्यांच्या गोदामाला आग लागली. तळघरात कोणी अडकलंय का ते पाहायला माझा मेहुणा आत गेला. मेहुणा म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा. आमच्या अग्निशमन केंद्रातलाच जवान, तिथे त्याला पैलवान म्हणायचे. तो परत आला नाही. हवा संपली. सिलिंडर चाळीस मिनिटं पुरायला हवा होता, पस्तिसाव्या मिनिटाला संपला. आता चौकशी समिती बसली आहे आणि कुजबूज अशी की पैलवान घाबरला, धापा टाकल्या, पाच मिनिटांची हवा जास्त ओढली.

माझं मत साफ आहे. तळघरात फळ्यांच्या भिंतीत अरुंद फट आहे. सेट तिथे अडकला. सुटायच्या धडपडीत हवा गेली. दोष जाडीचा. माणसाचा नाही. कोणाच माणसाचा नाही.

(केंद्रात सिलिंडर मी भरतो. सव्वीस वर्षं. म्हणून मला हवालदार म्हणतात. पण तो विषय वेगळा.)

५ मे
बहीण आली होती. समितीपुढे तिची साक्ष झाली. अहवालात घाबरला हा शब्द येऊ नये, एवढं एकच तिचं म्हणणं आहे. बाकी काही नको म्हणते. हिने विचारलं, वन्सं, तिथे बोललात तरी काय? तर म्हणाली, मी सांगितलं, बावीस वर्षं या माणसाशेजारी झोपलेय. रात्री जाग आली की श्वास मोजायचे. मिनिटाला बारा. वीज कडाडो, लेक तापाने फणफणलेली असो, बाराच. घाबरणारा माणूस असा झोपतो का?
समितीतल्या एकाने हे लिहून घेतलं म्हणे. दोघांनी पंख्याकडे पाहिलं.
निघताना दारात थांबली. म्हणाली, मग पाच मिनिटं कुठं गेली रे दादा?
मी फटीबद्दल सविस्तर समजावलं. आकृती काढून दाखवली. ती आकृतीकडे बघत होती असं मला वाटलं. नंतर ही म्हणाली, त्या तुमच्याकडे बघत होत्या.

९ मे
भंगारात निघालेल्या पाच छोट्या बाटल्या साहेबांनी दिल्या. साहेब म्हणजे आमचे केंद्रप्रमुख. म्हणाले, हवालदार, मन रमत असेल तर करा. मन रमण्याचा काय संबंध? हे विज्ञान आहे.
मुदत तीस जूनपर्यंत. तीस तारखेला पाचच्या ठोक्याला समिती कागद घेणं बंद करणार. त्याआधी सेट समितीपुढे ठेवायचा, फटीतून आरपार जाऊन दाखवायचं, पैलवानाचं नाव निर्मळ. सत्तावन्न दिवसांपैकी पाच गेले, उरले बावन्न. भरपूर.

१३ मे
पट्टे शिवायला शिंप्याकडे. त्याने विचारलं, आत अस्तर घालू का? म्हटलं, हे आगीत घालायचं आहे. म्हणाला, मग सुती घालतो, घाम टिपेल. पुढे खिसा हवा का? नको म्हणून तीनदा सांगितलं.

१६ मे
पट्टे आले. खिसा आहे. बटणासकट.

१९ मे, संध्याकाळी
पाचही बाटल्या जोडल्या. जाडी नऊ सेंटिमीटर, बोललो तशी. हवा मात्र अकरा मिनिटं. हिशोब दोनदा केला. पातळ करावं तितकी हवा कमी. यात माझा दोष नाही, हवेचा स्वभावच तसा.
उपाय: छातीवर आणखी पाच, भंगारातल्याच. हवा बावीस मिनिटं. पुढून नऊ, मागून नऊ, वर पट्टे, खिसा. एकूण जाडी चोवीस. जुन्यापेक्षा दोनने जास्त आहे हे खरं, पण विभागून आहे.
हिने पाहिलं आणि म्हणाली, गाढवाच्या पाठीवर दोन्हीकडे गोणी घालतात तसं दिसतंय. हिला यंत्रशास्त्र कळत नाही.

२३ मे
छातीवरच्या बाटल्या काढल्या. सपाट-१ पुन्हा अकरा मिनिटांचा. अकरा मिनिटांत खूप काही होऊ शकतं.

२४ मे, सकाळी ११
सुताराकडून चौकट करून आणली. आतली जागा अडतीस सेंटिमीटर, गोदामातल्या फटीएवढी. मधल्या दारात ठोकून चाचणी घेतली. सेट सहज गेला. मी गेलो नाही. पोटाशी अडकलो, ना पुढे ना मागे. सेट विजयी होऊन पलीकडे लोंबतोय आणि मी अलीकडे.
हिने साबणाचं पाणी ओतलं. ओढता ओढता म्हणाली, अहो, आधी आतला माल पातळ करा, मग बाहेरचा.
संकल्प: उद्यापासून रोज जिना वीस वेळा. रात्री अर्धीच पोळी.

२५ मे
जिना चार वेळा. गुडघा. पोळ्या तीन, कारण जिना.

२९ मे
बहिणीकडे गेलो होतो. तिने तो ग्रुप फोटो भिंतीवर लावलाय. बावीस मार्चच्याच सकाळचा, आमच्या केंद्राचा वार्षिक फोटो. मी पुढच्या रांगेत खुर्चीवर, पैलवान माझ्यामागे उभा, हात माझ्या खांद्यावर. पुढच्या रांगेत खुर्च्या सहाच असतात. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मला मिळाली. पैलवानाने टोपी ठेवून ती माझ्यासाठी अडवली होती आणि अंगणातून ओरडत होता, दादा, या लवकर, खुर्ची जातेय!
गेलो लवकर.
बहीण म्हणाली, यांचा एवढा हसरा फोटो दुसरा नाहीच. मी म्हटलं, उजेड चांगला होता.
चहा न घेता आलो. काम होतं.

२ जून
साहेबांनी गोदामाचा नकाशा दाखवला. पैलवान जिथे सापडला तिथे लाल फुली. फुली फटीच्या अलीकडे, जिन्याच्या बाजूला. म्हणजे फट ओलांडून चार पावलं बाहेर. साहेब म्हणाले, बघा, तो जाड सेट घेऊन यातून गेला होता. तुमच्यासाठी अडतीस असेल, त्याला कसं आडवं व्हायचं ते माहीत होतं.
नकाशा काढणाऱ्याने कागद उलटा धरला असणार. असं पुष्कळदा होतं.

३ जून
नकाशा उलटा धरला तर जिना छतात जातो. तरी शक्यता नाकारता येत नाही.

७ जून
सपाट-१ पहिल्यांदा पूर्ण दाबाने भरला. तीनशे बार. दहा मिनिटांत भरून काटा तीनशेवर. वहीत लिहिलं, वळणदार अक्षरात: ३००. रात्री शांत झोप. अगदी मिनिटाला बारा नसेल, पण शांत.

८ जून, सकाळी
काटा २६५ वर. गळती नाही, साबणाचा फेस लावून पाहिला. गेज खराब आहे. नवा आणणार.

१० जून
नवा गेज. भरताना तीनशे, सकाळी २६४. हल्ली माल असाच येतो.

११ जून
तिसरा गेज. परदेशी, काचेत पाणी भरलेला, साहेबांच्या ओळखीने. रात्री तीनशे. सकाळी २६५.
ही मागे उभी राहून बघत होती. विचारलं, भरताना गरम होतो का हो हा? म्हटलं, होतो थोडा. तर म्हणाली, मग साधं आहे की. बाटलीत गरम पाणी भरून झाकण लावलं की गार झाल्यावर बाटलीचे गाल आत जातात. गरम असताना भरलेलं दिसतं, गार झालं की कळतं किती होतं ते.
मी म्हटलं, हे स्वयंपाकघर नव्हे.
ती म्हणाली, तुम्हीच नव्या पोरांना शिकवता ना हे? पाण्याच्या टाकीत ठेवून हळू भरायचं, गार होऊ द्यायचं, वरून पुन्हा भरायचं. घरी पाठ म्हणून दाखवायचात मला, लग्न नवं होतं तेव्हा.
हिची स्मरणशक्ती हा या घरातला मोठा दोष आहे.

१२ जून
काही लिहिण्यासारखं नाही.

१३ जून
बावीस मार्चला सकाळी आठ सिलिंडर भरायचे होते. हळू भरले तर प्रत्येकी पाऊण तास. फोटो साडेनऊला. भरले. काटा तीनशेवर आला होता. आठही वेळा आला होता. मी डोळ्यांनी पाहिला. खोटी नोंद मी आयुष्यात केलेली नाही. गार झाल्यावर वरून भरायचंच होतं, फोटो झाला की लगेच. फोटोनंतर पेढे... नव्हे, चहा होता. मग पावणेबाराला घंटा झाली.
एवढंच. यात काय आहे?

१४ जून
नियम असा की आत जाताना जवानाने स्वतः गेज बघून आकडा सांगायचा. तो फलकावर लिहितात आणि परत कधी फिरायचं ती वेळ त्या आकड्यावरून ठरते. पैलवान बघायचा नाही. फलकवाल्याला म्हणायचा, लिही तीनशे, दादांनी भरलंय. त्या दिवशीही तसंच म्हणाला, फलकवाल्याने साक्षीत सांगितलंय.
म्हणजे नियम त्याने मोडला. हा मुद्दा समितीपुढे आणायला हवा.

सायंकाळी ७
आणणार नाही.

१८ जून
समितीपुढे प्रात्यक्षिक. भाषण तोंडपाठ होतं. जाडी हा छुपा शत्रू, अशी सुरुवात. अध्यक्षबाईंनी दोन वाक्यांनंतर विचारलं, यात किती मिनिटं? म्हटलं, अकरा. त्यांनी चष्मा काढून पुसला.
मग केंद्रातली माझी सिलिंडर भरण्याची नोंदवही पुढे ओढली. म्हणाल्या, अशी वही आम्ही कुठल्या केंद्रात पाहिली नाही. एक खाडाखोड नाही. बावीस तारखेच्या आठही नोंदी तीनशे, वेळेसकट. तुमच्या या वहीमुळेच आम्हाला हिशोब पक्का करता आला. भरलेला सिलिंडर पूर्ण होता हे सिद्ध आहे. म्हणजे हवा वापरली गेली ती वेगाने.
मी मान खाली घातली. नम्रतेने.
बाहेर बाकावर बहीण बसली होती. काय म्हणाले रे? म्हटलं, माझ्या अक्षराचं कौतुक केलं.

२० जून
विचार पक्का. समितीला पत्र द्यायचं. सगळं खरं लिहायचं. गरम भरले, वरून भरले नाहीत, सिलिंडरमध्ये तीनशे नव्हते, दोनशे पासष्ट होते. दोनशे पासष्टमध्ये या माणसाला पस्तीस मिनिटंच मिळतात. बरोबर पस्तीस. एक श्वास जास्त घेतलेला नाही. तो घाबरला नव्हता. हे गणित मी बावीस मार्चच्या रात्रीच केलं होतं.
उद्या लिहिणार.

२१ जून
डोकं दुखतंय. उद्या.

२४ जून
मसुदा झाला. तीन पानं. पहिल्या दोन पानांत माझी सव्वीस वर्षांची सेवा आली आहे. ती कमी करावी लागेल.

२७ जून
हिला वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती. हात थांबले. म्हणाली, मला ठाऊक होतं असं नाही, पण तुम्ही तिसरा गेज आणलात तेव्हा शंका आली. आजच देऊन या. म्हटलं, अजून तीन दिवस आहेत. म्हणाली, मी आत्ता पायात चपला घालते, बरोबर येते. म्हटलं, अशा कागदाला पक्की प्रत लागते. हा मसुदा आहे.
म्हणाली, तुमचं अक्षर तुम्हाला घेऊन बुडणार आहे. आणि वन्संनाही.

३० जून, रात्री
सकाळी नऊला पक्की प्रत करायला बसलो. दुसऱ्या पानावर शाईचा डाग. पुन्हा. तिसऱ्या पानावर ‘दोनशे पासष्ट’ गिचमिड आलं, आकडा वाचता येईना. निदान तो आकडा तरी नीट यायला हवा. पुन्हा. जेवण केलं नाही. ही दारात चपला घालून बसली होती, तीन वाजता उठून आत गेली.
पाच वाजून वीस मिनिटांनी कचेरीत पोचलो. कारकून कुलूप लावत होता. म्हणाला, काका, फाईल गेली की गाडीत. पाच म्हणजे पाच. काही महत्त्वाचं होतं का? असेल तर वर अर्ज करा, पुन्हा उघडतात कधीकधी.
म्हटलं, नाही. धन्यवाद पत्र होतं.
का म्हटलं ते कळलं नाही. तोंडातून गेलं.

१ जुलै
वर अर्ज करणार. या आठवड्यात.

६ जुलै
सपाट-१ उचलला की बाटल्या एकमेकींवर आपटून खडखडतात. पत्राची तीन पानं घडी घालून मधल्या फटीत बसवली. खडखड थांबली.

१५ जुलै
अर्जाला विशेष कागद लागतो का, ते विचारायचं आहे.

२ ऑगस्ट
अहवाल आला. साहेबांनी वाचून दाखवला. ‘सिलिंडर पूर्ण क्षमतेने भरलेला असल्याचे नोंदीवरून स्पष्ट होते. जवानाने भयग्रस्त अवस्थेत प्रमाणाबाहेर हवेचा वापर केला.’ खाली शिफारस: सदर केंद्राची नोंदवही इतर केंद्रांना नमुना म्हणून पाठवावी. नव्या भरतीला सिलिंडर भरण्याचं शिक्षण मी द्यावं.
साहेबांनी पाठीवर हात ठेवला. म्हणाले, निदान तुमच्या कामावर ठपका नाही.

३ ऑगस्ट
ठरलं. आज बहिणीला सांगायचं. अर्ज वगैरे नंतर. आधी तिला. एकच वाक्य आहे. जिना चढताना पाठ केलं.

३ ऑगस्ट, संध्याकाळी
मी निघायच्या आत तीच आली. हातात तो फोटो, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. म्हणाली, हा तुझ्याकडे ठेव दादा, मला सारखा समोर नको.
बसली. सेट टेबलावर होता. प्रथमच नीट बघितला तिने. बोट फिरवत म्हणाली, यांच्यासाठी केलास ना. किती मिनिटं? म्हटलं, अकरा. म्हणाली, यांना पाचच हवी होती.
मग बाटल्यांच्या मधे बोट घातलं. हे कागद कसले रे? म्हटलं, खडखड होऊ नये म्हणून. तिने कड जराशी वर ओढली, एवढीशी. म्हणाली, तुझं अक्षर लहानपणापासून छान. माझ्या वह्यांवर नावं तूच घालायचास. आणि कागद होता तसा आत ढकलला.
ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं. वाक्य पाठ होतं.
त्याआधी बहीणच बोलली. म्हणाली, मी फार ताणलं रे. एवढे शिकलेले लोक खोटं कशाला लिहितील? घाबरले असतील. अंधार, धूर. माणूसच होते ना. मी उगाच त्यांना पैलवान करून ठेवलं. घाबरले तर घाबरले, मी काय रागावणार आहे का त्यांच्यावर? काल रात्री तसं म्हटलंसुद्धा मी त्यांना. माफ केलं म्हटलं.
मग माझ्याकडे बघून म्हणाली, घाबरलेच असतील ना रे दादा?
मी म्हटलं, हो.

ही आत निघून गेली. बहिणीने डोळे पुसले आणि म्हणाली, बरं वाटलं. तू म्हणालास म्हणजे तसंच असणार.

४ ऑगस्ट
हिने काल रात्री माझं एकट्याचंच ताट वाढलं.
सकाळी केंद्रावर एकटाच होतो. सपाट-१ पाण्याच्या टाकीत ठेवला. हळू भरला. पाऊण तास. गार होऊ दिला. वरून पुन्हा भरला. काटा तीनशेवर.
दुपारी पाहिलं, तीनशे. संध्याकाळी पाहिलं, तीनशे. मग बाकीचे दोन गेज लावून पाहिले.
तिन्ही गेज चांगले आहेत.